धोंड्याच्या महिन्यातलं अमेरिकेचं भांडण

आमच्या सासरी कुणी कुणाशी भांडत नसे. मी झरीहून लग्न होऊन डहाणूच्या या वाडीत आले, तेव्हा पहिलं वर्षभर मला वाटत होतं, काय शांत माणसं आहेत. मग हळूहळू कळलं की भांडणं होतात, पण त्यांना आवाज नसतो. सासऱ्यांना एखादी गोष्ट पटली नाही की ते रेडिओ बंद करत. सासूबाई तांब्या जरा जोरात ठेवत. आमचे हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. त्यांना काही पटलं नाही की ते जेवण अर्धं टाकून चिकूच्या पेट्या बघायला जात. आणि मी मुळातच न बोलणारी, त्यामुळे माझं काही पटण्या न पटण्याचा प्रश्नच आला नाही.

मोठ्या आवाजातलं भांडण या घरात एकदाच झालं होतं, मी यायच्या आधी. सासूबाईंची धाकटी बहीण नवऱ्याबरोबर चार दिवस राहायला आली होती. दोघं ओट्यावर उभे राहून एकमेकांना बोलले, अख्ख्या वाडीने ऐकलं, आणि ती बहीण जी माहेरी राहिली ती कायमचीच. तेव्हापासून या घराची समजूत पक्की झाली होती. नवरा-बायकोचा आवाज ओट्यावर आला की संसार मोडला.

माझ्या नणंदेला ही समजूत कधी मानवली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ती बोर्डीला कॉलेजात जायची. घरात शिरली की चप्पल काढायच्या आधी तिचं बोलणं सुरू व्हायचं. मी चुलीशी बसलेली असायचे आणि ती उंबऱ्यावर बसून मला सगळं सांगायची, कोण काय म्हणालं, मास्तर कसे चिडले, बसमध्ये कोण भेटलं. मधेच थांबून म्हणायची, "वहिनी, तुम्ही बोलत का नाही? जिभेला मुंग्या नाही येत?" मी हसायचे. तिला तेवढं पुरायचं. त्या घरात मला पहिली मैत्रीण मिळाली ती तीच. मी तिला वन्सं म्हणत असे आणि ती चिडायची, "मी काय म्हातारी आहे?"

तिचं लग्न ठरलं ते वाणगावच्या मुलाशी. मुलाचे आईवडील लहानपणीच गेलेले, मामांनी वाढवलेलं, इंजिनियर केलेलं. लग्न झालं आणि वर्षभरात दोघं अमेरिकेला गेले. ही ऐंशीनंतरच्या सालांतली गोष्ट. घर एकदम गप्प झालं. मला वाटलं होतं मला सवय आहे, पण नव्हती.

मग नव्वदनंतरचं पहिलं धोंड्याचं वर्ष आलं. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून अनारसे द्यायचे, जेवायला धोंडे करायचे, ही रीत. आमचे जावई एकदाही आले नव्हते. सासूबाईंनी हट्टच धरला आणि दोघं आले, भर उन्हाळ्यात, महिनाभरासाठी.

त्या दिवसांत घर कसं झालं होतं! चिकूचा हंगाम होता. पडवीत पेट्या लागलेल्या, गवताचा वास, आणि वन्संचा आवाज. ती स्टेशनवरून रिक्षातून उतरली तीच बोलत. माझ्या गळ्यात पडली, माझ्या केसांना हात लावून म्हणाली, "पांढरे झाले की हो! बोलत नाही ना, म्हणून होतात." जावई माझ्या पाया पडायला वाकले. मी इतकी मागे सरकले की पाण्याच्या हंड्याला धडकले.

सासूबाईंनी अनारशांचं पीठ आधीच करून ठेवलं होतं. जावयाला रोज निराळा पदार्थ. जावई जेवायला बसले की सासरे स्वतः पंखा घेऊन बाजूला बसत. या घरात जावयाच्या शब्दाला उलटा शब्द नाही. जावई म्हणाले की डहाणूचा समुद्र पूर्वी जास्त स्वच्छ होता, तर सासरे म्हणाले, होता. जावई म्हणाले, पूर्वी इतकाच मळका होता, तर सासरे म्हणाले, हो, तेही खरंच.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी सगळे ओट्यावर चहा घेत होते. मी दाराआड कपबश्या भरत होते. वन्सं तिकडे एका सार्वजनिक वाचनालयात कामाला होती. तिने सहज सांगायला घेतलं की सरकारने पैसे कमी केले, म्हणून शनिवारी वाचनालय बंद असतं आता.

"पैसे नाहीत म्हणे," ती म्हणाली. "तोफांना बरे असतात."

"तोफा देशाच्या रक्षणासाठी असतात," जावई म्हणाले.

"आणि पुस्तकं काय शत्रूसाठी?"

"हे बघ, लोकांना पुस्तकं हवी असतील तर लोक वर्गणी काढतील. सरकारने प्रत्येकाच्या खिशात हात का घालायचा? माझ्या कष्टाचे पैसे कशावर खर्च करायचे ते मी ठरवीन."

"तू ठरवशील? तुला स्वतःचे मोजे कुठे आहेत ते ठाऊक नसतं!"

"विषय सोडू नकोस."

"विषय हाच आहे. तू साफ चुकतोयस. तू आणि तुझा तो पक्ष, दोघंही."

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी रेडिओकडे हात नेला, पण रेडिओ आधीच बंद होता.

जावई रागाने लाल झाले नाहीत, हे मी पाहिलं. उलट त्यांनी खुर्ची पुढे ओढली, जसं कुणी पत्ते वाटल्यावर ओढतं. पण त्यांचा आवाज चढला, वन्संचा त्याहून चढला, आणि ते दोघं अर्धं मराठी अर्धं इंग्रजी असं बराच वेळ बोलत राहिले. शेजारच्या गुजराती बाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. मी कपबश्या विसळायला मागे गेले तर त्यांनी मला हळूच विचारलं, "शुं थयुं, बेन? जमाई रिसाया?" मी नुसती मान हलवली. जावई रुसले की नाही ते मला तरी कुठे माहीत होतं?

दुपारी सासूबाईंनी वन्संला स्वयंपाकघरात घेतलं.

"खरं सांग. मारतो का तुला?"

"आई! तो झुरळसुद्धा मारत नाही. मलाच मारावं लागतं."

"मग ओट्यावर ते काय होतं?"

"अगं, आमचं नेहमीचं आहे. तो एका पक्षाचा, मी दुसऱ्या. तिकडे दोनच मोठे पक्ष. त्याचा पक्ष म्हणतो, जुन्या रीती सांभाळा, सरकारने खर्च कमी करावा, ज्याने त्याने आपलं बघावं. माझा म्हणतो, गरिबाला सरकारने हात द्यावा, त्यासाठी खर्च झाला तर होऊ दे. त्याच्या पक्षाची खूण हत्ती."

"आणि तुझ्या?"

वन्सं जरा थांबली. "गाढव."

सासूबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "जावई हत्तीचे आणि तू गाढवाची?"

"तिकडे गाढवाला वाईट मानत नाहीत, आई."

"तू कुठेही राहा, गाढव ते गाढव. नवऱ्याचा हत्ती असताना तुला गाढव कशाला?"

मला इतकं हसू आलं की मी चुलीत फुंकर घालायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. पण सासूबाई हसत नव्हत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. वन्सं बाहेर गेल्यावर त्यांनी अनारसे तळायला घेतले आणि पहिलाच अनारसा तेलात विरघळून सगळीकडे पसरला. अनारसा असा फुटला की आम्ही म्हणतो, अनारसा हसला. दुसराही हसला. तिसराही. पीठ सैल झालं होतं, उन्हाळ्यात होतं तसं. पण सासूबाई कढईकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बघ. जावयाच्याच वाट्याचे हसले."

संध्याकाळी सासऱ्यांनी निकाल दिला. ते आयुष्यभर सरकारी नोकरीत होते, तलासरीकडच्या गावांतून विहिरी आणि रस्त्यांची कामं बघत हिंडलेले. माणसं काय बोलतात आणि मनात काय असतं, हे आपल्याला कळतं असं त्यांना वाटे. ते म्हणाले, "नवरा-बायको सरकारवरून भांडत नसतात. मी एवढी वर्षं नोकरी केली, एकही जोडपं सरकारवरून भांडताना पाहिलं नाही. सरकार हे निमित्त. आतलं दुखणं वेगळंच आहे, ते पोरगी सांगत नाही."

झालं. त्या दिवसापासून घरातला प्रत्येक जण आतलं दुखणं शोधायला लागला. मूल नाही म्हणून असेल का? जेवण आवडत नसेल का? तिकडे दुसरी कुणी? सासूबाई वन्संला काही विचारत आणि ती जितकी हसून उडवी तितका त्यांचा संशय पक्का होई. "मानी आहे," त्या म्हणत. "माझी बहीणही अशीच हसायची."

आणि ही दोघं तर थांबायचं नाव घेत नव्हती. आमच्याकडेही तेव्हा निवडणुकीचे दिवस होते, रस्त्याने रिक्षांवर भोंगे फिरत. एक भोंगा गेला की त्यावरून यांना अमेरिकेचं काहीतरी आठवे. एकदा दुपारी वाडीत, चिकूच्या झाडाखाली, सगळ्यांत मोठं भांडण झालं. तिकडे म्हणे कुणी रागाने देशाचा झेंडा जाळला, तर त्याला शिक्षा व्हावी की नाही यावरून मोठा वाद चालला होता. जावई म्हणत, व्हायलाच हवी. ज्या झेंड्यासाठी माणसं मेली त्याला काडी लावणं हे बोलणं नव्हे. वन्सं म्हणत होती, आपल्याला आवडतं तेच बोलू दिलं तर त्यात काय मोठं, न आवडणारं बोलू द्यावं तर खरं. दोघांचे हातवारे चालले होते. काठीला बांधलेल्या जाळीने चिकू उतरवणारी माणसं काठ्या टेकवून बघत उभी राहिली. शेवटी जावई टॉवेल खांद्यावर टाकून एकटेच समुद्राकडे निघून गेले.

सासरे हे सगळं पडवीतून बघत होते. झेंड्याचं ऐकून त्यांचा चेहरा पडला, पण मुलीला एकटी उभी पाहून जास्त पडला. त्यांनी आमच्या यांना हाक मारली. "वाणगावला जा. मामांना घेऊन ये. त्यांनीच वाढवलाय त्याला, त्यांचं ऐकेल. आता वडीलधाऱ्यांनी बसल्याशिवाय हे मिटायचं नाही."

त्याच संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला मागच्या अंगणात गेले. पाण्याच्या टाकीच्या कडेला ही दोघं बसली होती. मला त्यांनी पाहिलं नाही. जावयांच्या मांडीवर वर्तमानपत्रात चिकू होते. ते एकेक चिकू सोलत होते, दोन फोडी करत होते, बिया काढत होते आणि फोड तिच्या हातात देत होते. ती फोड खात होती आणि बोलत होती.

"म्हणजे तुझ्या राष्ट्राध्यक्षाला सगळं माफ."

"सगळं नाही. ही घे."

"ही कच्ची आहे. आणि तो कर कमी करतो ते कुणाचे? ज्यांच्याकडे आहे त्यांचेच ना?"

"कमावतात तेच. मग ही घे, ही पिकलेली आहे."

"बी राहिलीय."

त्यांनी फोड परत घेतली, बी काढली, पुन्हा दिली, आणि म्हणाले, "तुझी माणसं आली तर दिवाळं काढतील."

मी वाळत घातलेल्या लुगड्याआड उभी होते. मला हसू आलं नाही. छातीत काहीतरी उबदार झालं. मी लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई, पण नवरा-बायको असे बसलेले मी पाहिले नव्हते. माझ्या माहेरीही नाही, इथेही नाही. हिचं काही मोडलेलं नाही, हे मला लख्ख कळलं.

आता ते सांगायचं कुणाला? आमचे हे रात्री ड्युटीवरून येऊन आडवे झाले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अहो, त्या दोघांचं ठीक आहे. मामांना आणायला नको."

"तुला काय माहीत?"

"चिकू खात होते."

"चिकू काय, आपल्याकडे आला तो प्रत्येक जण खातोच," हे म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

सकाळी सासूबाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "सोलून देतो? म्हणजे मनात काहीतरी आहे. मन साफ असतं तर पुरुषमाणूस चिकू कशाला सोलेल?" सासऱ्यांशी तर मी वाढू का आणि पाणी आणू का याच्या पलीकडे कधी बोललेच नव्हते. आणि मला भीती होती ती एवढीच. मोठी माणसं बसली आणि त्यांनी नसलेलं दुखणं काढून त्यावर औषध दिलं, तर त्या औषधानेच दोघं आजारी पडायची. जावयाचा अपमान झाला तर ते पुन्हा यायचे नाहीत. ते आले नाहीत तर वन्सं कशी येणार? ती आली नाही तर या घरात बोलेल कोण?

मामा आले. पांढरी टोपी, काखेत छत्री, भातशेतीत उन्हाने रापलेला चेहरा. त्यांना ओट्यावर न बसवता माजघरात बसवलं, दार लोटून घेतलं. जावयांना आणि वन्संला बोलावलं. मी चहाचं ताट घेऊन आतल्या दारात उभी राहिले.

मामांनी घसा साफ केला. "भाच्या, तुला इथे काय कमी पडलं?"

जावयांना वाटलं, धोंड्याच्या वाणाची विचारपूस चालली आहे. ते हात जोडून म्हणाले, "काही नाही, मामा. सगळं मिळालं. अजून काही नको."

"नको?" मामांचा आवाज चिरला. "म्हणजे मुलगीही नको?"

"कुठली मुलगी?"

सासऱ्यांनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. ते कधी इतकं बोलत नसत, पण त्या दिवशी त्यांनी सगळं मनात जुळवून आणलेलं असावं. म्हणाले, "जावईबापू, माझी पोर मला जड नाही. ही वाडी आहे, दोन घास आहेत. ती राहील. पण तसं होऊ नये असं मला वाटतं. तिचं चुकलं. लहानपणापासून तिचं तोंड फार चालतं, आम्ही आवर घातला नाही, हा आमचा दोष. आजपासून ती तुमच्यासमोर सरकारबद्दल, पक्षाबद्दल, झेंड्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. मी तिच्याकडून कबूल करून घेतो." आणि वन्संकडे वळून, डोळ्यांत पाणी आणून, "बोल पोरी, कबूल आहे ना?"

वन्संचं तोंड उघडंच राहिलं. तिच्या तोंडून शब्द फुटत नाही असं मी तेव्हा एकदाच पाहिलं.

पण जावई ताडकन उभे राहिले. "नको, नको! बाबा, असं काही करू नका! ती बोलली नाही तर मी बोलू कुणाशी?"

सासूबाईंनी मामांकडे पाहिलं.

"तिकडे माझ्या ऑफिसात सगळे माझ्याच बाजूचे आहेत," ते घाईघाईने सांगायला लागले. "मी काही म्हटलं की माना डोलावतात. त्यात काय मजा? दिवसभर ऐकलेलं साठवतो आणि संध्याकाळी हिच्याशी भांडायला घरी येतो. पहिल्यांदा मत द्यायला गेलो तर एकाच गाडीतून गेलो. हिने माझं मत खोडलं, मी हिचं खोडलं, आणि येताना आइस्क्रीम खाल्लं. हिला गप्प केलंत तर मी काय करू?"

मामा सासऱ्यांकडे वळून हलकेच म्हणाले, "व्याहीबुवा, लाजेखातर बोलतोय. लहानपणापासून असाच. पाय मोडला होता तरी म्हणाला होता, मुरगळलाय."

"मामा, खरंच—"

"तू थांब. या घरात कुणी या दोघांना नीट, गोडीने वागताना पाहिलंय का?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. आमचे हे भिंतीकडे बघायला लागले. मी चहाचं ताट उंबऱ्यावर ठेवलं.

"मी पाहिलंय," मी म्हणाले.

सासरे वळले. इतक्या वर्षांत त्यांनी माझा आवाज असा ऐकला नव्हता, आणि मीही नव्हता.

"काय पाहिलंस?" मामांनी विचारलं.

"टाकीपाशी बसून चिकू देत होते. सोलून."

"बरं."

"बिया काढून."

"बिया काढून?"

"एक राहिली होती. ती परत घेऊन काढली. आणि तेव्हाही भांडतच होते."

मामांनी काखेतली छत्री काढून खाली ठेवली, टोपी काढून त्यावर ठेवली. मग मोठा श्वास सोडला. "मग मिटलं. सोडून द्यायच्या बाईला कुणी बिया काढून देत नाही. मी माझ्या बायकोला तीस वर्षांत दिल्या नाहीत, आणि तिला मी सोडलेलंही नाही." आणि मला म्हणाले, "सूनबाई, चहा आण. गार झाला तरी चालेल."

वन्सं जी हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता रडली, मग सासऱ्यांना मिठी मारून म्हणाली, "बाबा, तुम्ही मला ठेवून घेणार होतात?" ते अवघडून म्हणाले, "मग काय टाकणार होतो?"

चहा घेताना मामांनी विचारलं, "पण भांडण आहे तरी कशावरून?" झालं. वन्संने तिची बाजू सांगितली, जावयांनी त्यांची. मला वाटलं होतं, मामा भाच्याच्या बाजूने जातील आणि सासरे मुलीच्या. झालं उलटंच. मामा म्हणाले, "भाच्या, सरकारने खर्च करू नये म्हणतोस? आमच्याकडे कालव्याचं पाणी आलं ते काय वर्गणीतून? उन्हाळी भात घेतो मी आता. आधी असतं तर तुझ्या शिक्षणाला कर्ज काढावं लागलं नसतं मला." आणि आमचे सासरे, ज्यांनी जन्मभर सरकारचा पैसा खर्च करण्याचं काम केलं, ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "जावईबापूंचं बरोबर आहे! एकच विहीर कागदावर पुन्हा पुन्हा खणलेली मी पाहिली आहे. ठेकेदाराचं घर बांधून होतं, विहिरीला पाणी लागत नाही. दुसऱ्याचा पैसा खर्च करताना कुणाचा हात आखडत नाही."

"बाबा, तुम्ही हत्तीचे?" वन्सं ओरडली.

"मी कुणाचा नाही. जे पाहिलं ते सांगतो."

"मग पाणी लागलेल्या विहिरींचंही सांगा ना!"

"लागलं होतं काहींना," सासरे म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

सासूबाई मधेच म्हणाल्या, "सरकारला काय बंद करायचं ते करू दे, रेशनचं पामतेल तेवढं बंद करू नये." जावई म्हणाले, "आई, तुम्ही पण तिकडेच?" त्या म्हणाल्या, "मी तेलाच्या बाजूने. अनारसे कशात तळू? तूप काय तुमचा हत्ती देणार आहे?"

झेंड्याचं मात्र सोपं गेलं नाही. सासऱ्यांनी ऑफिसात दर पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी धरलेली. ते म्हणाले, "पोरी, हे मला ऐकवत नाही." वन्सं हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी जाळणार नाही. कुणी जाळला तर मलाही वाईट वाटेल. फक्त त्याला तुरुंगात घालू नका, एवढंच."

"मला नाही पटत."

"नका पटवून घेऊ."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. उठतील असं वाटलं. पण ते बसून राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांनी तिलाच पाणी मागितलं. पुढे तो महिना संपेपर्यंत त्यांना ते पटलं नाही, तिने सोडलं नाही, आणि दोघं रोज संध्याकाळी सुरूच्या झाडांतून समुद्रावर फिरायला गेले. शेजारच्या बाई कुंपणापाशी येत आणि आवाज ऐकून समाधानाने परत जात. दुसऱ्यांदा केलेले अनारसे छान जाळीदार झाले. मामा वाणगावला परत जायला तयार होईनात. शेवटी म्हैस व्यायला आली असा निरोप आला तेव्हा गेले.

ती दोघं गेल्यावर घर पुन्हा गप्प होईल असं मला वाटलं होतं. थोडं झालंही. पण सासरे आता रेडिओ बंद करण्याऐवजी त्याला उत्तरं द्यायला लागले. बातम्या सांगणारा काही म्हणाला की ते म्हणत, "चूक! साफ चूक!" सासूबाई आतून विचारत, "हत्ती का गाढव?"

पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आमचे हे जेवताना म्हणाले की वरच्या पाड्याला डांबरी रस्ता मंजूर झालाय. "कशाला तो खर्च? चार घरं तिथे. बैलगाडी जाते की."

मी भाकरी वाढत होते. मी म्हणाले, "मला नाही पटत."

त्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता ताट सरकवतील आणि पेट्या बघायला जातील. ते गेले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, जसं घरातलं जुनं भांडं अचानक वाजावं तसं. मग म्हणाले, "का?"

मला ते 'का' ठाऊक नव्हतं. नाही पटत एवढंच ठाऊक होतं. "उद्या सांगते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर निघताना ते दारात थांबले. "मग? का?"

रात्रभर मी तेच जुळवत होते. मी म्हणाले, "माझ्या झरीला शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला तलासरीला जावं लागे. पावसाळ्यात वाट चिखलाने बंद. माझे वडील म्हणाले, मुलगी एवढ्या चिखलातून कुठे जाणार. रस्ता असता तर मी पुढे शिकले असते."

इतक्या वर्षांत हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. ते दारातून परत आत आले आणि पाटावर बसले.

"पण ठेकेदार खातातच ना?" ते म्हणाले.

"खातात."

"मग रस्ता अर्धाच होतो."

"अर्धा झाला असता तर सहावीपर्यंत तरी गेले असते."

त्यांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. "हे काही उत्तर नाही," ते म्हणाले.

"मग तुम्ही द्या उत्तर," मी म्हणाले, आणि त्यांच्यासमोर पाट घेऊन बसले.